विंग डोनट घेऊ की हॉर्सशू? त्याआधी किती किलो उचलायचंय ते काढ

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय ३१, खारघरला राहते, नोकरी ऐरोलीला. तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग करत पहिल्यांदा पाण्याखाली गेली आणि वेडच लागलं, मग अंदमानात जाऊन ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड दोन्ही कोर्स केले. आता वर्षातून दोनतीनदा मालवण, नेत्राणी, सुट्टी आणि पैसे जमले की अंदमान. आजवर भाड्याचं जॅकेट बीसीडीच वापरलं (हवा भरून-काढून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जॅकेट), आता बॅकप्लेट-विंग घ्यायची आहे (पाठीवर धातूची प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी, म्हणजे विंग). ग्रुपमध्ये कोणी म्हणतं पूर्ण गोल विंग, म्हणजे डोनटच, कोणी म्हणतं घोड्याच्या नालासारखी हॉर्सशूच. त्यातच ग्रुपमधले एक दादा, ज्यांनी तिला पहिल्यापासून सांभाळून घेतलं, त्यांचा जुना सेट अर्ध्या किमतीत देतायत: स्टीलची बॅकप्लेट, हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे) आणि ६० पाउंड लिफ्टची (पाण्यात तेवढं वजन उचलणारी), कडेने इलॅस्टिक लावलेली विंग. तिला वाटतं जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सेफ, शिवाय पाण्यात तिचे पाय सारखे खाली जातात तेही विंग घेतल्यावर सुटेल, आणि सगळे म्हणतात जॅकेट शिकाऊ लोकांचं, खरे डायव्हर विंगवर. पण घरी सेट पाठीवर घालून बघितला तेव्हा काहीतरी खटकलं. नाही म्हटलं तर दादा दुखावतील, पुढच्या ट्रिपला विचारणार नाहीत अशी भीती आहे. काय करू?

तुझ्या पत्रात डोनट आणि हॉर्सशूवर चांगली दोन पानं आहेत, पण तू बेल्टला किती किलो लावतेस, सूट किती मिलीचा घालतेस, टाकी कुठली असते यावर एक ओळ नाही. विंग निवडायची तर सुरुवात तिथून होते, आकार नंतर. म्हणून मी तुझ्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न पहिला घेते, मग तुझ्यावर येते, आणि दादांचंही बोलू, कारण मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे.

बघ, डाइव्ह सुरू होते तेव्हा तू थोडी जड असतेस आणि असायलाच हवीस, कारण टाकीत भरलेल्या हवेला वजन असतं. आपल्याकडे जवळपास सगळीकडे मिळते ती ॲल्युमिनियमची ८० ची टाकी, पाण्याच्या मापाने ११ लिटरच्या आसपास, २०० बारला भरली की त्यात साधारण २२०० लिटर हवा, आणि लिटरला सव्वा ग्रॅमच्या जरा खाली धरलं तर झाले पावणेतीन किलो. ही हवा तू डाइव्हभर श्वासातून संपवत जातेस. म्हणजे शेवटी वर येताना ५ मीटरला थोडं थांबतो त्या सेफ्टी स्टॉपवर जी मुलगी बरोबर न्यूट्रल आहे, ना बुडतेय ना वर जातेय, ती सुरुवातीला दोन-अडीच किलो जड असणारच. दुसरं म्हणजे सूट. निओप्रीनमध्ये बारीक बुडबुडे असतात, ते खोलात दबतात, १० मीटरला प्रेशर दुप्पट होतं, ३० मीटरला चौपट. तुझ्या अंगाचा ३ मिलीचा फुल सूट वर दीडदोन किलो तरंगत असेल तर ३० मीटरवर त्यातलं बरंचसं गेलेलं असतं. दोन्ही मिळून किती झालं, चार-साडेचार किलो. वजन नीट लावलेलं असेल तर पाण्याखाली विंगने भरून काढायचं ते एवढंच, याहून जास्त काही नाही.

आता पाण्यावरचा हिशोब, कारण तिथे जरा जास्त लागतं. मालवणच्या छोट्या बोटीवर चढताना आपण सेट पाण्यातच काढून वर देतो, तेव्हा सेट एकटा तरंगला पाहिजे. भरलेली ॲल्युमिनियमची टाकी पाण्यात अर्धा-पाऊण किलो जड, स्टीलची प्लेट हवेत पावणेतीन किलोची असली तर पाण्यात सव्वादोन-अडीच, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरचं एखादा किलो धर, आणि सेटलाच दोन किलो शिसं लावलेलं असेल तर ते. सगळं मिळून सहा-सात किलो. आणि सेट अंगावर असताना डोकं पाण्याच्या वर ठेवायला चारपाच किलो लागतात, डोकं बऱ्यापैकी जड असतं गं. तेव्हा कुठल्याही बाजूने मोजलं तरी नऊदहा किलोच्या पुढे आकडा जात नाही. ३० पाउंडाची विंग म्हणजे साडेतेरा किलो. पुरून उरते. दादांची ६० पाउंडाची म्हणजे २७ किलो.

हा हिशोब मी तुझ्या मापाचा अंदाज धरून केलाय, तुझा तू कर, आणि अवघड काही नाहीये. सूट ओला करून त्यातली हवा दाबून काढ, घडी करून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत कोंब, पिंपात पाणी भर आणि पिशवीत एकेक शिसं टाकत जा, नसेल तर जिमच्या लोखंडी प्लेट टाक, पिशवी बुडायला लागली की तेवढी तुझ्या सूटची बोयन्सी, म्हणजे तरंगण्याची ताकद, थोडं कमीजास्त. पुढच्या ट्रिपला डाइव्हच्या शेवटी ५० बार उरलेले असताना, ५ मीटरला, बीसीडी पूर्ण रिकामी करून बघ. बुडतेस की वर जातेस? शांत श्वास घेत जागच्या जागी राहिलीस तर वजन बरोबर. बुडत असशील तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढ आणि परत बघ. एवढं केल्याशिवाय कुठलीही विंग विकत घेऊ नको असं मी तुला आग्रहाने सांगेन, कारण भाड्याच्या जॅकेटवर डाइव्ह करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना वजन जास्तच लावलेलं असतं, मुलगी पटकन खाली गेली पाहिजे म्हणून, आणि मग ती सवयच होऊन जाते.

आता जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सेफ, यावर. वाटतं तसं खरं, मलाही कळतं का वाटतं, समुद्रात आधार जास्त असलेला बरा. पण न लागणारी लिफ्ट विंगमध्ये नुसती पडून राहत नाही, त्रास देते. दादांच्या विंगसारखी ६० पाउंडाची विंग बहुधा जुळ्या टाक्यांसाठी, पाठीवर दोन टाक्या घेणाऱ्यांसाठी बनवलेली असते, आणि ती रुंद असते कारण तिला दोन टाक्यांच्या बाहेरून वर यायचं असतं. तीच विंग एका टाकीवर लावलीस, आणि अडॅप्टर घालून लागतेसुद्धा, तिथेच माणूस फसतो, तर ८० च्या टाकीची जाडी जेमतेम साडेअठरा सेंटीमीटर, दोन्ही कडांना टेकायला काही नाही, त्या वर वळतात आणि टाकीला दोन्हीकडून मिठी मारतात. डायव्हर लोक याला टॅको होणं म्हणतात.

आता हे पाण्यात कसं होतं ते नीट बघ. तू सेफ्टी स्टॉप संपवून वर निघालीस, हवा फुगतेय, म्हणून डाव्या कमरेजवळच्या मागच्या डंप व्हॉल्व्हची, म्हणजे हवा सोडायच्या झडपेची, दोरी ओढलीस. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, आणि वळलेल्या विंगमध्ये सगळ्यात उंच जागा म्हणजे टाकीच्या बाजूच्या त्या दोन वळ्या. व्हॉल्व्ह त्याच्या खाली राहिला. तू दोरी ओढतेयस, चार बुडबुडे निघतात आणि थांबतात, तुला वाटतं विंग रिकामी झाली, आणि तू वर वर चाललीच आहेस. ५ मीटरपासून वरपर्यंत हवा दीडपट फुगते, आणि शेवटचे हेच मीटर सांभाळायला सगळ्यात कठीण. मिनिटाला ९ मीटरच्या वर जायचं नाही हे आपण कोर्समध्ये शिकलो, ते पाळायचं तर हवा मागशील तेव्हा निघाली पाहिजे.

शिवाय मोठ्या पिशवीत थोडीच हवा असली की ती अर्ध्या भरलेल्या कॅनमधल्या पाण्यासारखी इकडून तिकडे पळते, तू जरा डावीकडे झुकलीस की सगळी उजवीकडे. आणि टाकीतून विंगमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर अडकला तर? मीठ बसून बटण दाबलेलं राहतं, असं होतं कधीकधी. छोटी विंग लवकर भरते आणि मग जास्तीची हवा प्रेशर व्हॉल्व्हमधून बाहेर जायला लागते, मोठी विंग भरतच राहते आणि तुला तेवढ्याच जोरात वर खेचते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एका टाकीवर, ३ मिलीच्या सूटमध्ये, आपल्या २७-२८ डिग्रीच्या पाण्यात डाइव्ह करणाऱ्या कोणीही २५ ते ३५ पाउंडाच्या पलीकडे बघायची गरज नाही. जाड सूट, स्टीलची मोठी टाकी, थंड पाणी, तिथे गणित वेगळं होतं, पण ते आपल्याकडचं नाही.

आता तुझे डोनट आणि हॉर्सशू. हॉर्सशू म्हणजे इंग्रजी यू उलटा ठेवलेला, वर मानेजवळ जोडलेला, खाली दोन्ही टोकं सुटी. डोनट खालूनही जोडलेला, पूर्ण गोल, हवा फिरून कुठूनही कुठेही जाऊ शकते. फरक कधी कळतो? तू आडवी आहेस, डोकं किंचित खाली, हवा दोन्ही बाजूंच्या खालच्या टोकांना गेली. मागचा डंप फक्त डावीकडे असतो. डोनटमध्ये उजवीकडची हवा खालच्या जोडातून डावीकडे येते आणि निघते. हॉर्सशूमध्ये उजवीकडची तिथेच अडकते, तिला काढायला तुला छाती वर करून हवा मानेकडे आणावी लागते किंवा उजवं अंग थोडं खाली करून लोळावं लागतं. सवय झाली की हॉर्सशूवाले हे नकळत करतात, वर्षानुवर्षं करतायत, त्यामुळे ग्रुपमध्ये हॉर्सशूच म्हणणारे चुकीचं काही सांगत नाहीयेत. पण पहिली विंग घेणारीला मी डोनटच सांगेन, एक गोष्ट कमी शिकावी लागते. मी स्वतःही डोनटच वापरते. फक्त एवढं बघ की डोनटचा खालचा जोड टाकी आणि प्लेटच्या मध्ये चिमटला जात नाही ना, तिथे दबला तर गोल असण्याचा काही उपयोग राहत नाही. सेट बांध, विंगमध्ये थोडी हवा घाल, आडवी धर आणि हाताने एका बाजूची हवा दुसरीकडे ढकलून बघ, जाते की नाही लगेच कळतं.

पण खरं सांगू का, या दोन आकारांमधला फरक लहान आहे, रुंदीचा फरक मोठा आहे. अरुंद, बरोबर मापाची हॉर्सशू ही रुंद डोनटपेक्षा कधीही चांगली. ग्रुपमध्ये यावर एवढी भांडणं होतात आणि रुंदी कोणी मोजतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

कडेने लावलेलं इलॅस्टिक, म्हणजे बंजी. कल्पना अशी की हवा काढली की विंग आपोआप आवळून घेईल. प्रत्यक्षात ते सगळीकडे सारखं आवळत नाही, मध्ये मध्ये घड्या पडतात, घड्यांमध्ये हवा राहते, पाण्यात ओढ वाढते, आणि तोंडाने फुगवायची वेळ आली तर त्या ताणाविरुद्ध फुंकावं लागतं. विंगला भोक पडलं तर इलॅस्टिक उरलेली हवासुद्धा दाबून बाहेर काढतं. मी घेणार नाही, तुलाही घे म्हणणार नाही.

एक थराची की दोन थराची, हाही प्रश्न दुकानात गेलीस की येईल. दोन थराच्या विंगमध्ये बाहेर जाड नायलॉनचं कव्हर, १००० डेनियरचं असतं बऱ्याचदा, आणि आत पॉलियुरेथेनचा वेगळा ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, भोक पडलं तर झिप उघडून ब्लॅडर काढता येतो, ठिगळ लावता येतं किंवा बदलता येतो. एक थराची हलकी, बॅगेत कमी जागा घेते, पटकन वाळते. मालवणला खडकांवर, होडीच्या काठावर सेट घासला जातो, म्हणून मला दोन थराची जास्त पटते. यात फार डोकं घालू नको. आणि प्लेटच्या खाचांतून पट्टे थेट विंगमधून जाऊन टाकी बांधली जाते अशी विंग मिळाली तर वेगळा अडॅप्टर लागत नाही, टाकी पाठीजवळ बसते, ती बघ.

पाय खाली जातात त्याचं. तू म्हणतेस विंगने सुटेल. थोडं सुटेल, पण कारण तसंच ठेवलंस तर पूर्ण नाही. तुझं सगळं वजन कमरेच्या बेल्टला असणार, आणि बहुतेक गरजेपेक्षा जास्त असणार. जास्त वजन म्हणजे ते उचलायला जास्त हवा, ती हवा छातीच्या मागे, वजन कमरेला, मग वरचं अंग वर आणि पाय खाली. मग तू पाय मारत राहतेस, हवा जास्त लागते, आणि मालवणात तळाजवळ असशील तर वाळू उडते, आधीच तिथे व्हिजिबिलिटी कमी, मागच्या माणसाला काही दिसत नाही. यावर उपाय फुकटचा आहे: वर सांगितलं तसं वजन कमी कर आणि उरलेल्यातलं एखादा किलो टाकीच्या वरच्या पट्ट्यावर सरकव, खांद्यांच्या जवळ. स्टीलची प्लेट घेतलीस तर तिचं वजनही पाठीवर पसरतं, तेही मदत करतं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तिचा खालचा भाग हलका होतो, म्हणून डाइव्हच्या सुरुवातीला आणि शेवटी तुझा तोल वेगळा वाटेल, घाबरू नको.

जॅकेट शिकाऊंचं आणि विंग खऱ्या डायव्हरची, हे मात्र डोक्यातून काढून टाक. बॅकप्लेट, एकच सलग पट्टा, मांड्यांमधून जाणारा पट्टा, हे सगळं फ्लोरिडाच्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांनी घडवलं, त्या पद्धतीच्या हार्नेसला हॉगार्थियन म्हणतात ते विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून. त्यांना डोक्यावर छत होतं, तळाला गाळ होता, पाठीवर दोन टाक्या होत्या, म्हणून मोठी विंग होती. आपण त्यातून घ्यायचं ते हे की अंगावर नको ते काही लटकवायचं नाही. मोठी विंग त्यांच्या कामाची होती. जॅकेटमध्ये काही दोष असा नाही, पाण्यावर ते तुला सरळ उभं ठेवतं, थकलेल्या माणसाला ओढून आणताना सोपं जातं. विंग पाण्यावर पूर्ण फुगवलीस तर ती तोंड पुढे ढकलते, पहिल्यांदा हे झालं की पोरं घाबरतात. तिथे थोडी हवा काढायची, मागे रेलायचं, लाटांवर पाठीवर झोपल्यासारखं. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात बडीसोबत (जोडीच्या डायव्हरसोबत) हे आधी करून बघ, नंतरच बोटीवरून उडी मार. तुझं मन जॅकेटमध्ये रमत असेल आणि बजेट कमी असेल तर हे वर्ष थांबलीस तरी काही बिघडत नाही. आणि अजून स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर नसेल तर आधी तो घे, विंग नंतर. हे मी प्रत्येकाला सांगते.

आता दादा. तू लिहिलंस की सेट पाठीवर घातल्यावर काहीतरी खटकलं. काय खटकलं ते माझ्या मते तुला माहीत आहे, दादांची उंची जास्त, त्यांचा हार्नेस त्यांच्या खांद्यांना लावलेला, प्लेटची खालची कड तुझ्या कमरेच्या हाडाला टोचली असेल किंवा वरची मानेला. ते शरीर सांगतंय, त्याकडे लक्ष दे. पण दादांचा हेतू चांगला आहे असं गृहीत धर, कारण तू जे लिहिलंयस त्यावरून तसंच दिसतं. ते दोन टाक्यांवर डाइव्ह करायचे, त्यांना ती विंग बरोबर होती, त्यांनी ती विश्वासाने वापरली, म्हणून तुलाही देतायत. ते खरंच दुखावतील का, की हे तू आधीच ठरवून टाकलंयस? तू त्यांना एकदाही आकडे विचारलेले नाहीस असं पत्रावरून वाटतं. जो माणूस तुला उडी मारायच्या आधी प्रत्येक वेळी इन्फ्लेटर तपासून देतो तो तुझ्या सेफ्टीचा प्रश्न ऐकून रागावेल असं मला वाटत नाही.

माझा सल्ला असा, सगळा सेट नाकारू नको. प्लेट आणि हार्नेस घे, जर मापात बसत असेल तर. स्टीलची प्लेट झिजत नाही, जुनी घेतली तरी काही बिघडत नाही, आणि हार्नेसचा पट्टा जुना झाला असेल तर ५० मिलीमीटरचं जाड वेबिंग आणून नवा ओवता येतो, स्वस्त पडतं. विंग फक्त वेगळी घे. फोनवर नको, भेटून सांग, असं काहीतरी: "दादा, प्लेट-हार्नेस मला द्याल का, तेवढ्याचे पैसे मी देते. विंग जुळ्या टाकीची आहे, माझ्या एका टाकीला फार मोठी होतेय, मी हिशोब करून बघितला, तुम्ही पण बघा ना बरोबर आहे का." आणि खरंच कागद पुढे ठेव. मदत मागितली की माणसाला नाकारल्यासारखं वाटत नाही, आणि त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तुझ्या आकड्यांत काही चुकलं असेल तर तेच काढतील. त्यांची विंग जुळ्या टाकीवाल्या कोणालातरी चांगल्या किमतीला जाईल, गिऱ्हाईक शोधायला तू मदत कर.

एवढं करूनही ते रुसले, ट्रिपला विचारलं नाही, तर वाईट वाटेल हे मी नाकारत नाही. पण पाण्याखाली ज्याच्या भरवशावर जायचं त्याला "हे माझ्या मापाचं नाही" एवढं सांगता येत नसेल, तर "मला कानात दुखतंय, मी वर जातेय" हे तरी त्याच्यासमोर कसं सांगशील? म्हणून हे बोलणं टाळू नको.

स्टील की ॲल्युमिनियम हे तू कशाने प्रवास करतेस त्यावर ठरव. पनवेलहून कोकणकन्या पकडून कुडाळला उतरणार असशील तर स्टीलची प्लेट ट्रॉलीत टाक, कोणी वजन करत नाही. अंदमानच्या विमानाला बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीत १५ किलोच सामान, तिथे तीच प्लेट जड जाते, ॲल्युमिनियमची एखाद्या किलोची येते. तू जास्त वेळा मालवणला जातेस, म्हणून तुला स्टील चालेल. फक्त एक अट: प्लेटचं वजन अंगावरून टाकून देता येत नाही, म्हणून तुझ्या एकूण वजनातला काही भाग बेल्टला, चटकन सोडता येईल असा, राहिला पाहिजे. हिशोबात तुला एकूण चार किलो लागत असतील तर अडीच प्लेटचे आणि दीड बेल्टला. विंग फाटली तरी पाय मारून तू वर येऊ शकतेस का, हे उथळ पाण्यात, बडी जवळ असताना, विंग रिकामी ठेवून एकदा करून बघ. बेल्ट मांडीच्या पट्ट्याच्या वरून बांध, खालून गेला तर सुटणार नाही.

विंग जुनी घेणार असशील, दादांची नाही तर आणखी कोणाची, तर बाथरूममध्ये मोठा टब भर. विंग तोंडाने टणक फुगव, रात्रभर ठेव, सकाळी तेवढीच टणक आहे का बघ. मग टबात दाबून कड कड बघत जा, विशेष करून इन्फ्लेटरच्या कोपराशी आणि डंप व्हॉल्व्हच्या रिंगभोवती, बुडबुड्यांची बारीक माळ तिथेच निघते. डंपची दोरी ओढून सोड, परत ओढून सोड, प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय ना. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की लगेच वर येतंय ना, अडखळत असेल तर सोडून दे किंवा इन्फ्लेटर बदलून घेण्याचे पैसे किमतीतून वजा कर. झिप उघडून ब्लॅडरचा खालचा भाग बघ, प्लेट आणि टाकीत चिमटून तिथेच पहिलं भोक पडतं. आत नाक घालून वासही घे. कुबट वास म्हणजे ती ओली ठेवली गेली.

नवीन विंग आली की इन्फ्लेटरची नळी हातात पकडून डोळे मिटून काढायची सवय कर, घरी सोफ्यावर बसूनसुद्धा होते, बटण अडकलं तर नळी ओढून काढायची आणि दुसऱ्या हाताने हवा सोडत राहायची, हे बडीसोबत उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा कर. पूलमध्ये सराव केलास तर लक्षात ठेव, गोड्या पाण्यात जेवढं वजन लागतं त्यापेक्षा समुद्रात जास्त लागतं, तू आणि सेट मिळून ८० किलो असाल तर दोन किलो जास्त, पूलचा आकडा तसाच्या तसा समुद्रात नेऊ नको.

आणि आपल्याकडची एक गोष्ट, पाऊस. जूनपासून समुद्र बंद, मग विंग चार महिने खारघरच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर. तसं करू नको. शेवटच्या ट्रिपहून आलीस की इन्फ्लेटरमधून विंगमध्ये गोडं पाणी घाल, हलव, मागच्या डंपमधून काढ, दोनतीनदा, आतलं मीठ राहिलं तर वाळून त्याचे कण होतात आणि ब्लॅडर आतून घासतात, व्हॉल्व्हमध्ये बसतात. मग उलटी टांगून पूर्ण निथळू दे, अर्धी फुगवून सावलीत टांग, उन्हात नको, आणि ऑगस्टमध्ये एखाद्या रविवारी काढून हवा बदलून ठेव, नाहीतर बुरशी येते. ऑक्टोबरला पहिल्या ट्रिपच्या आदल्या आठवड्यात परत एकदा रात्रभर फुगवून ठेव आणि टबातली तपासणी कर, म्हणजे काही बदलायचं असेल तर हाताशी वेळ राहील.